मॅथ-बायो शिकवायचंय आणि वर्ग कॅल्क्युलसला घाबरलेला आहे? मग इथून सुरू करा

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मला एकदोन मेसेज हमखास येतात. पुण्या-मुंबईकडचं कोणीतरी, इथे अमेरिकेत पीएचडी, पोस्टडॉक वगैरे झालेलं, आणि आता एखाद्या टीचिंग कॉलेजात नोकरी लागलेली. "दादा, कॉलेज एचएसआय आहे म्हणतात, चेअरने (विभागप्रमुखाने) सांगितलंय मॅथेमॅटिकल बायोलॉजीचं, म्हणजे जीवशास्त्रातले प्रश्न गणिताने सोडवायचं, काहीतरी सुरू करा, कुठून सुरुवात करू?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी असल्याच एका कॉलेजात गणित शिकवतो आणि पहिल्या दोन वर्षांत ज्या ज्या चुका करता येतील त्या सगळ्या करून झाल्यात, त्यामुळे हा लेख त्या चुकांचाच आहे असं समजा.

आधी शब्द नीट समजून घ्या कारण मीटिंगमध्ये ते धडाधड अंगावर येतात. एचएसआय म्हणजे हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन, जिथे अंडरग्रॅज्युएट मुलांमध्ये किमान २५ टक्के हिस्पॅनिक आहेत. एचबीसीयू म्हणजे १९६४ च्या आधी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली कॉलेजं, अशी अजून शंभरेक चालू आहेत. ट्रायबल कॉलेजं, म्हणजे नेटिव्ह अमेरिकन जमातींची, वेगळी. आणि सायन्सच्या जगात "अंडररिप्रेझेंटेड मायनॉरिटी" म्हटलं की त्यात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि नेटिव्ह अमेरिकन येतात, आपण भारतीय नाही. आपण इथे अल्पसंख्य असलो तरी गणिताच्या वर्गात आपलं नाव बघूनच लोक गृहीत धरतात की याला येत असणार. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या बाबतीत नेमकं उलटं गृहीत धरलं जातं, आणि तेही पहिलीपासून. हा फरक डोक्यात ठेवूनच वर्गात पाय ठेवा.

पहिलं काम: तुमच्या डोक्यातला मेरिट नावाचा उंदीर शोधा

हे लिहायला जरा अवघड जातंय पण लिहितो. आपल्यातले बरेच जण ज्या घरांतून आणि क्लासेसमधून आलोत तिथे "गणित येणारा" आणि "गणित न येणारा" अशा दोन जाती असतात आणि कोण कुठल्या बाजूला ते दहावीच्या आसपास ठरून जातं, आणि त्यावर कोट्याच्या गप्पा असतातच. तो चष्मा आपण विमानातून बरोबर घेऊन येतो. मी पहिल्या सेमिस्टरला काय केलं, तर डायग्नोस्टिक टेस्ट घेतली, अपूर्णांकांत अर्धा वर्ग आडवा झालेला बघितला, आणि म्हटलं आधी पाया पक्का करू, बायोलॉजी मग. सहा आठवडे पायाच चालू होता. सातव्या आठवड्याला वर्ग निम्मा रिकामा.

याचं उत्तर खरं तर फार आधीच मिळालेलं होतं, मला माहीत नव्हतं एवढंच. यूरी ट्राइसमन नावाचे गणितज्ञ बर्कलीला होते, १९७० च्या दशकात. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं का मागे पडतात असं लोकांना विचारलं की सगळे तीच कारणं सांगायचे, घरची परिस्थिती, तयारी कमी, जिद्द कमी. ट्राइसमननी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाची मुलं घेतली आणि ती अभ्यास कसा करतात ते चक्क त्यांच्या मागे मागे जाऊन बघितलं. ती नेहमीची कारणं टिकलीच नाहीत. सापडलं ते असं, की चिनी मुलं रात्री एकत्र बसायची, एकमेकांची गणितं तपासायची, कोण कुठे अडकलंय ते सगळ्यांना माहीत असायचं. कृष्णवर्णीय मुलं सांगितलेत तितके तास अगदी प्रामाणिकपणे अभ्यास करायची, पण एकटी, दार लावून. अडकली की त्यांना वाटायचं आपणच मठ्ठ आहोत. मग ट्राइसमननी रेमेडियल वर्ग काढले नाहीत, उलट जास्त अवघड गणितं घेऊन ग्रुपने बसायचं वर्कशॉप काढलं, आणि निकाल पालटले.

म्हणजे तुमचं काम सोपं करून देणं हे नाही. अवघडच द्यायचं, पण एकत्र, आणि त्यांना ज्याची पर्वा आहे अशा प्रश्नातून.

दुसरं: बायोलॉजीवाल्या एका माणसाला पकडा

एकच पुरे. कमिटी नको. कॉफी पाजा आणि विचारा की तुमच्या लॅबमध्ये मुलं गणिताच्या कुठल्या जागी गळपटतात. उत्तर बहुतेक वेळा डायल्यूशन, लॉग स्केल आणि ग्राफ वाचणं यांपैकी काहीतरी असतं, डिफरन्शियल इक्वेशन नसतं. ते लिहून घ्या. आपण गणितवाले लोक परस्पर ठरवून मोकळे होतो की बायोलॉजीला काय हवं.

बरं, कोणी म्हणालं की ही फॅशन आहे, तर सांगा की अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ सालीच बायो-२०१० नावाच्या रिपोर्टमध्ये म्हटलं होतं की बायोलॉजीच्या मुलांना गणित आणि कॉम्प्युटिंग आतूनच शिकवलं पाहिजे, बाजूला ठेवून नाही. डीनला रिपोर्टचं नाव ऐकवलं की बरं वाटतं.

तिसरं: पहिल्या वर्षी नवा कोर्स काढू नका

नवा कोर्स म्हणजे करिक्युलम कमिटी, कॅटलॉग, कम्युनिटी कॉलेजांशी ट्रान्सफरचा करार, कोर्स नंबर, आणि हे सगळं होईपर्यंत तुमचं टेन्युअरचं (नोकरी कायम होण्याचं) घड्याळ निम्मं संपतं. त्यापेक्षा आहे त्याच बायोलॉजी लॅबमध्ये तीन आठवड्यांचं मॉड्यूल घुसवा. कोणाची परवानगी लागत नाही, फक्त त्या कॉफीवाल्या मित्राची.

पुढे कोर्स काढायचाच असेल तर यूसीएलएचा लाइफ सायन्सेस ३० हा कोर्स बघा. २०१३ ला सुरू झाला. तिथे लिमिट-डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रल अशी वरात काढत नाहीत, पहिल्याच आठवड्यापासून मॉडेल, शिकारी प्राणी आणि त्याचं भक्ष्य, फीडबॅक, आणि कॉम्प्युटरवर ते चालवून बघणं. कॅल्क्युलस लागेल तसा येतो. मला हा क्रम शंभर टक्के पटतो. आपण पोहायला शिकलो ते विहिरीत, आधी सहा महिने ओट्यावर हात मारून नाही.

चौथं: पहिला तास, एनर्जी ड्रिंकचा

माझ्या वर्गात बरीचशी मुलं रात्री काम करतात, गोडाऊनमध्ये, पिझ्झाच्या दुकानात, कोणी आजीची देखभाल करतं. टेबलावर एनर्जी ड्रिंकचे कॅन असतातच. तेच घ्यायचं. १६ औंसाच्या मोठ्या कॅनमध्ये साधारण १६० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला मोठ्या माणसात साधारण ५ तास लागतात. प्रश्न एवढाच विचारायचा: दर ५ तासांनी एक कॅन पीत राहिलं तर अंगात किती साठेल?

बहुतेक जण म्हणतात वाढतच जाणार. मग करायला लावायचं, कागदावर. पहिला कॅन १६०. पाच तासांनी ८० उरलं, वर १६०, झाले २४०. त्याचे निम्मे १२०, वर १६०, २८०. मग ३००, मग ३१०. कोणीतरी ओरडतं की हे ३२० च्या पुढे जाणारच नाही! बस, तुम्ही लिमिट शिकवलंत, आणि लिमिट हा शब्दही उच्चारला नाहीत. नंतर विचारा की ३२० का, १६० च्या बरोब्बर दुप्पटच का, आणि ५ ऐवजी अडीच तासांनी प्यायलं तर काय. इथे हळूच जिऑमेट्रिक सिरीज (भूमिती श्रेढी) येते. मग सांगा की डॉक्टर औषधाचा डोस ठरवतात त्याच्या मुळाशी हेच गणित असतं, आणि ज्यांना नर्सिंगला जायचंय त्यांचे कान टवकारतात. माझ्याकडची एक मुलगी, जिने कॅल्क्युलस दोनदा सोडलेलं, ती घरी जाऊन आईच्या थायरॉइडच्या गोळीचं टेबल करून घेऊन आली. मी तिला शिकवलं नव्हतं.

पाचवं: फासे आणि साथ

हा तास माझा सगळ्यात लाडका. तीस मुलं, प्रत्येकाला एक नंबर आणि एक फासा. डब्यात १ ते ३० च्या चिठ्ठ्या. एक जण आजारी. प्रत्येक फेरीत प्रत्येक आजारी माणूस फासा टाकतो. १, २, ३ पडला तर डब्यातून चिठ्ठी काढायची, ज्याचा नंबर येईल तो आजारी, आणि चिठ्ठी परत डब्यात. तो आधीच आजारी असला किंवा बरा झालेला असला तर फुकट. ४, ५ पडला तर काहीच नाही. ६ पडला तर बरा झाला, खाली बसायचं, परत आजारी होणार नाही. एक मुलगा फळ्यावर मोजतो: किती निरोगी, किती आजारी, किती बरे.

गंमत बघा. माणूस सरासरी ६ फेऱ्या आजारी राहतो आणि दर फेरीला निम्म्या वेळा चिठ्ठी काढतो, म्हणजे सुरुवातीला एक आजारी माणूस सरासरी ३ जणांना देतो. हाच तो कोविडच्या काळात सगळ्यांनी ऐकलेला आर-नॉट. समीकरण म्हणतं आर-नॉट ३ असेल तर साथ संपेपर्यंत साधारण ९४ टक्के लोक आजारी पडतात, म्हणजे तिसातले अठ्ठावीस. पण समीकरण हे सांगत नाही की सुरुवात एकाच माणसापासून असेल तर तीनातल्या एका वेळी साथ पेटतच नाही, सुरुवातीलाच विझते! माझे दोन सेक्शन असतात, एकदा सकाळच्या सेक्शनला पहिल्याच फाशाला सहा पडला आणि साथ तिथेच खल्लास, मुलं म्हणाली खेळ बिघडला, आणि दुपारच्या सेक्शनला फक्त एक जण वाचला. दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले आणि विचारलं की नियम तेच, मग असं का. तो एक तास नुसता वादावादीत गेला आणि तसाच जाऊ द्यायचा असतो. तुम्ही मध्ये उत्तर सांगायला जाऊ नका, जीभ चावा.

सहावं: मुंबईचा प्लेग, आपला हुकमाचा पत्ता

फाशांनंतर समीकरणं आणायची ती केरमॅक आणि मॅकेन्ड्रिकची, १९२७ च्या पेपरमधली. एस, आय, आर (निरोगी, आजारी, बरे) हे जे मॉडेल जगभर शिकवतात त्याची मुळं तिथे आहेत. आणि त्या पेपरमध्ये मॉडेल तपासायला डेटा कुठला घेतलाय, तर मुंबईचा! १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवड्यागणिक प्लेगचे मृत्यू. शिखर सतराव्या आठवड्याच्या आसपास, आठवड्याला ९०० च्या घरात. मॅकेन्ड्रिक हिंदुस्थानात आर्मी डॉक्टर म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरीला होते, आणि केरमॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात ऐन विशीत आंधळे झालेले, म्हणजे डोक्यातल्या डोक्यात गणित करणारा माणूस. हे मुलांना सांगा, त्यांना माणसं आवडतात.

मी इथे थोडं स्वतःचंही सांगतो. की हे आकडे माझ्या राज्यातले आहेत, या प्लेगची लाट १८९६ ला मुंबईत आली, पुण्यात पोचली, आणि १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच प्लेगने गेल्या, ज्या बाईंनी शाळेची दारं ज्यांना बंद होती त्यांना शिकवलं. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जरा चाचरत सांगितलं, वर्ग गणिताचा आहे ना. तासानंतर दोन मुली थांबल्या, सावित्रीबाईंचं स्पेलिंग विचारायला.

पण तिथेच थांबू नका, खरा धडा पुढे आहे. वक्र डेटावर सुंदर बसतो. मग विचारा: प्लेग पसरतो कसा? उंदीर, पिसवा. मॉडेलमध्ये उंदीर कुठाय? नाहीये. मुंबईत तर प्लेग दरवर्षी ठराविक मोसमात वर यायचा आणि उन्हाळा-पावसाळ्यात खाली जायचा, तेही मॉडेलमध्ये नाही. मग एवढा छान कसा बसला? घंटेच्या आकाराचा वक्र बऱ्याच गोष्टींवर बसतो, म्हणून. चित्र जुळलं म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे ज्या मुलाला दुसऱ्या वर्षाला कळतं त्याला पुढे कुठलाही चकचकीत पेपर फसवू शकत नाही.

सिकल सेलबद्दल सावध

सगळे सुचवतात की कृष्णवर्णीय मुलं आहेत, सिकल सेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) घ्या. गणित फार सुंदर आहे, खरंय. सिकल सेलचा एक जीन असलेल्याला मलेरियापासून संरक्षण, दोन असलेल्याला आजार, आणि या ओढाताणीत जीनचं प्रमाण एका जागी स्थिर होतं. तो जीन अजिबात नसलेल्यांचं (मलेरियामुळे) नुकसान १० टक्के आणि दोन असलेल्यांचं १०० टक्के धरलं तर ते प्रमाण साधारण ९ टक्क्यांवर येतं, पाच मिनिटांचं गणित.

पण मी पहिल्यांदा हे शिकवताना माझी नजर नकळत एका मुलाकडे गेली आणि ते सगळ्या वर्गाने बघितलं. तो काही बोलला नाही. पुढच्या तासाला मागच्या बाकावर गेला. आता मी नकाशापासून सुरू करतो: आफ्रिका आहे, पण भूमध्य समुद्राचा काठ आहे, अरबस्तान आहे, आणि आपल्याकडचे गडचिरोली, नंदुरबार आहेत. हा मलेरियाचा नकाशा आहे, कातडीचा नाही. एवढं करता येत नसेल तर तो विषय सोडून द्या. तुम्ही कोणाच्या वतीने "तुमचा आजार" निवडू नका, त्यांना निवडू द्या. कार्लोस कास्तियो-चावेझ या गणितज्ञांनी १९९६ ला कॉर्नेलमध्ये सुरू केलेली एमटीबीआय नावाची उन्हाळी शाळा, जी नंतर ॲरिझोना स्टेटला गेली, तिथली रीतच ही होती की रिसर्चचा प्रश्न विद्यार्थी आणणार, प्रोफेसर नाही. मुलं काय आणतील सांगता येत नाही. माझ्याकडे आलेले: घरातल्या ढेकणांचं मॉडेल, गँगमध्ये मुलं ओढली जाण्याचं मॉडेल, टिकटॉकवरच्या अफवेचं. ढेकणांचं सगळ्यात चांगलं झालं.

वर्कशॉप कसं लावायचं

ट्राइसमनसारखंच: आठवड्यातून एकदा, दोन तास, चौघांचे ग्रुप. वेळ ठरवताना त्यांच्या शिफ्ट विचारून ठरवा. मी संध्याकाळी पाचला ठेवलं आणि कोणी येईना, मग कळलं की पाचला अर्ध्या वर्गाची ड्युटी सुरू होते. नाव "हेल्प सेशन" ठेवू नका, जो येईल त्याच्या कपाळावर शिक्का बसतो. एक क्रेडिट देता आलं तर फारच उत्तम. खायला ठेवा. आणि प्रत्येकाचं नाव नीट उच्चारायला शिका, आपल्या नावाची इथे काय वाट लावतात ते आठवा.

कॉम्प्युटरचं थोडक्यात: महागडी लायसन्सवाली सॉफ्टवेअरं नकोत. आधी गूगल शीट्स, मग ब्राउझरमध्ये चालणारं पायथॉन. कित्येकांकडे क्रोमबुक असतं, काहींकडे नुसता फोन, म्हणून आधी स्वतः फोनवर उघडून बघा.

प्रोजेक्ट, पैसे, आणि कागदपत्रं

उन्हाळ्यात फुकट रिसर्च करा असं कोणाला म्हणू नका. ज्या मुलाच्या पगारावर घराचं भाडं चालतं त्याला "अनुभव मिळेल" हे ऐकून हसूच येतं. पैसे नसतील तर प्रोजेक्ट सेमिस्टरमध्येच, क्रेडिटवर करा. एनएसएफच्या (संशोधनाला पैसे देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) आरईयू नावाच्या उन्हाळी रिसर्चच्या जागा चांगल्या, स्टायपेंड मिळतो, पण त्या साधारणपणे अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. तुमच्या वर्गात कागदपत्रं नसलेली मुलं असतील, ती तोंडाने सांगणार नाहीत, आणि तुम्ही वर्गात विचारायचंही नाही. सगळ्यांसमोर सगळ्या प्रकारच्या संधींची यादी ठेवा, अट शेजारी लिहून, म्हणजे कोणाला उठून विचारावं लागत नाही.

पोस्टर न्यायला साकनास या संस्थेची आणि ॲबरकम्स अशा दोन कॉन्फरन्सेस आहेत, दोन्ही याच मुलांसाठी उभ्या राहिलेल्या. ट्रॅव्हलचे पैसे आधी द्यायची सोय करा, नंतर परत मिळतील ही पद्धत यांच्या क्रेडिट कार्डाला झेपत नाही.

ग्रँटचं म्हणाल तर सध्या हवा खराब आहे. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनमध्ये वंश बघणं बंद केलं आणि २०२५ ला एनएसएफने विविधतेशी जोडलेल्या कितीतरी चालू ग्रँट मध्येच रद्द केल्या. म्हणून एका ग्रँटवर सगळा डोलारा उभा करू नका. तुमचं मॉड्यूल आणि वर्कशॉप बायोलॉजीच्या रोजच्या लॅबमध्ये बसलेलं असेल तर ते ग्रँट गेली तरी चालू राहतं, आणि सगळ्यांना खुलं असतं, त्यामुळे पत्रकावर काय छापायचं याची भीतीही कमी. तरी छापण्याआधी कॉलेजच्या वकिलांना एकदा दाखवा.

आकडे पहिल्या दिवसापासून ठेवा: किती जणांनी कोर्स सोडला, किती पुढच्या गणिताला बसले. नुसते मार्क नकोत. हे पुढे छापायचा विचार असेल तर आयआरबीची (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी कॉलेजची समिती) परवानगी आधी, नंतर मागून मिळत नाही. आणि वेगळा कोर्स कधी काढलातच तर बऱ्याच फार्मसी स्कूलना नेहमीचं कॅल्क्युलस लागतं, तुमचा कोर्स त्याजागी चालतो का ते लेखी विचारून घ्या. आमच्याकडे हे कोणी विचारलं नव्हतं आणि एका मुलीला शेवटच्या वर्षी कॅल्क्युलस परत घ्यावं लागलं.

फासे डॉलर स्टोअरमध्ये मिळतात. तीस लागत असतील तर पन्नास घ्या, दर सेमिस्टरला दहा-बारा गायब होतात.